भयानंतर काय?

पृथ्वीच्या ऱ्हासाविषयीं लिहितांना ग्रंथकारानें वाचकांस भय घालावें कीं नाहीं, हा वाद नेहमींचाच आहे. आमच्या मतें खरा प्रश्न निराळा आहे. भय घालून झाल्यावर ग्रंथकार वाचकास कोठें नेऊन सोडतो, हें पाहिलें पाहिजे. दोन प्रसिद्ध अमेरिकन ग्रंथ या कसोटीस लावून पाहूं.

रेचेल कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग' (१९६२) या ग्रंथाच्या आरंभींच पांखरांचा आवाज लोपलेल्या गांवाचें भयंकर चित्र आहे. परंतु असें गांव प्रत्यक्षांत कोठेंहि नाहीं, हेंहि बाई तेथेंच सांगून टाकतात. पुढें त्या डी. डी. टी. सारख्या विषांवर नेमकें बोट ठेवतात आणि शेवटच्या प्रकरणांत कीड आवरण्याचे दुसरे मार्ग दाखवितात. ग्रंथानें उठविलेल्या वादाची परिणति अशी कीं, १९७२ सालीं अमेरिकेनें शेतींतील डी. डी. टी. जवळजवळ बंद केली. तेथील सलग ४८ राज्यांत १९६३ मध्यें पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचीं अवघीं ४१७ जोडपीं उरलीं होतीं. २००७ मध्यें तो पक्षी संकटग्रस्तांच्या यादींतून बाहेर पडला.

पॉल एर्लिक यांच्या 'द पॉप्युलेशन बॉम्ब' (१९६८) या ग्रंथाची जात वेगळी. माणसांस अन्न पुरविण्याची लढाई आपण हरलोंच, आतां १९७० नंतरच्या दशकांत कोट्यवधि लोक भुकेनें मरणार, असा निर्वाळा ते पहिल्याच पानांत देतात. ज्यांचा बचाव अशक्य त्यांस धान्य धाडूं नये, ही पॅडॉक बंधूंची सूचना त्यांस पसंत आहे. आणि त्या अभाग्यांच्या यादींत आपला देश होता! इकडे त्याच सुमारास गव्हाचीं बुटकीं वाणें शेतांत उतरत होतीं. १९६४-६५ मध्यें सुमारें १ कोटि २३ लक्ष टन असलेलें गव्हाचें पीक १९७०-७१ मध्यें २ कोटि ३८ लक्ष टनांवर गेलें. या यशापायीं पंजाबांतील भूजल खोल गेलें, हें आम्ही विसरत नाहीं; परंतु भाकितांतला महासंहार घडला नाहीं.

हवामानबदलाचें संकट खरें आहे. तें झांकावें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. पण सारें संपलें असें ऐकणारा तरुण हातपाय गाळून बसतो, आणि संपन्नांस दुर्बळांचा हात सोडण्यास निमित्त मिळतें. एर्लिक यांच्या ग्रंथाचा खरा दोष चुकलेलें भाकित हा नसून, ही निर्दय निराशा हा आहे. आग लागली असें ओरडणारा हवाच. मात्र विहीर कोठें आहे, हेंहि त्यानें सांगावें.