छोट्या गाडीचा खरेपणा

विषय जाहीर झाल्यावर आम्हाला एकदोघांनी विचारलं, की अलिबागला प्रवासी गाडीच येत नाही, मग इथं मॉडेल रेल्वेवर व्याख्यान कशाला? प्रश्न रास्त आहे. थळच्या खत कारखान्यापर्यंत मालगाडीचे रूळ आले आहेत, पण मुंबईला जायचं तर आपण अजून एसटी धरतो, नाहीतर लाँच. मात्र जिल्हा म्हणून पाहिलं, तर रेल्वेच्या बाबतीत रायगड भलताच श्रीमंत आहे. कर्जतहून बोरघाट चढणारी वाट १८६३ साली सुरू झाली, तिचा चढ ३७ला १. नेरळहून माथेरानला जाणारी दोन फुटी गाडी १९०७ची. आणि कोकण रेल्वेची सुरुवात होते ती रोह्याला. तेव्हा गाडीबद्दल बोलायचा हक्क आपल्याला पोचतो.

आजचा प्रश्न साधा आहे. बाजारात एखाद्या इंजिनाचं नवं मॉडेल येतं. हौशी माणूस ते हातात घेतो, उलटंसुलटं करतो आणि म्हणतो, 'छान आहे' किंवा 'जमलं नाही'. हे म्हणताना तो नेमका कशाचा न्याय करत असतो? सुबकपणाचा? किमतीचा? मूळ गाडीशी असलेल्या साम्याचा? आणि साम्याचा म्हणाल, तर किती साम्य पुरे?

आधी खेळणं आणि मॉडेल यांतला फरक लक्षात घेऊ. खेळण्यातली गाडी 'गाडी आहे' एवढं ओळखू आलं की तिचं काम झालं. चार चाकं, एक धुराडं, लाल रंग, बास. मॉडेलचा दावा मोठा असतो. ते म्हणतं, मी अमुक गाडी आहे, अमुक काळातली, अमुक मार्गावरची. दावा केला की उलटतपासणी आली. चाकं किती होती? खिडक्या कुठं होत्या? म्हणजे खेळण्यावर आपण माया करतो आणि मॉडेलवर माया करून शिवाय प्रश्नही विचारतो. प्रश्न विचारल्यानं माया आटते असं पुष्कळांना वाटतं. आम्हाला तसं वाटत नाही, आणि ते का, ते पुढं येईलच.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, भागाकारापलीकडं जाणार नाही. जगभर सर्वांत जास्त चालणारं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. त्याच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. त्याला ८७नं गुणा, १४३५ मिलिमीटर येतात. हे झालं युरोप-अमेरिकेचं गेज. आपलं ब्रॉडगेज आहे १६७६ मिलिमीटर, साडेपाच फूट. त्याला ८७नं भागलं तर १९.२६ यायला हवेत. पण तसे रूळ दुकानात मिळत नाहीत. म्हणून आपली गाडी मॉडेलमध्ये परक्या रुळांवर चालते आणि चाकांपाशी, खऱ्या मापात सांगायचं तर, २४ सेंटिमीटरनं अरुंद होते.

यातून वाटा तीन. पहिली, डबा १:८७ ठेवायचा आणि रूळ अरुंद आहेत ते सोसायचं. दुसरी, रूळ बरोबर धरून बाकी सगळी गाडी लहान करायची. प्रमाण जवळजवळ १:१०२ होतं, आणि मग १:८७ची तयार माणसं फलाटावर उभी केली की राक्षस दिसतात. तिसरी, १९.२६चे रूळ आणि त्या मापाचे आस घरी बनवायचे. म्हणजे उरलेलं आयुष्य त्यात घालवायचं. इंग्रजांनाही हे चुकलं नाही. त्यांनी ओओ नावाचं प्रमाण घेतलं, गाडी १:७६ आणि रूळ तेच १६.५चे. त्यांचीही गाडी अरुंद रुळांवरच धावते, आणि त्यावर तिथली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत आली आहेत.

वळणांचं तर विचारूच नका. ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण सहसा ठेवत नाहीत. १:८७मध्ये ते दोन मीटर होतं. आपल्या दिवाणखान्यातलं वळण असतं ३६ सेंटिमीटरचं. खऱ्या मापात ३१ मीटर! अशा वळणावर खरं इंजिन घातलं तर ते रुळांवर राहायचं नाही.

तात्पर्य काय, तर संपूर्ण खरं मॉडेल अस्तित्वात नाही. प्रत्येक मॉडेल कुठं ना कुठं खोटं बोलतं. तेव्हा 'हे तंतोतंत आहे का?' हा प्रश्नच आपण बाजूला ठेवू. विचारायचं ते असं, की यानं कुठं सूट घेतली, ती का घेतली, आणि घेतलेली सूट शेवटपर्यंत निभावली का?

आपल्याकडं हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी चर्चेला आला आहे. रसाचा विचार करताना श्रीशंकुकानं चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला. चित्रतुरगन्याय म्हणतात तो हाच. भिंतीवरचा घोडा पाहताना आपल्याला होणारं ज्ञान 'हा खरा घोडा' असं नसतं. 'हा घोडा नव्हे' असंही नसतं. 'घोडा असेल की नसेल' हा संशय नसतो आणि 'हे घोड्यासारखं आहे' अशी नुसती तुलनाही नसते. ते या चारींहून वेगळं, स्वतंत्र असतं. छोट्या गाडीपाशी वाकून बसलेल्या माणसाची अवस्था हीच. त्याला कुणी फसवलेलं नाही, तरी तो गाडीच बघतो आहे.

पण शंकुकावर भट्ट तौतानं घेतलेला आक्षेप आम्हाला आजच्या विषयात अधिक मोलाचा वाटतो. अभिनवगुप्तानं तो नोंदवून ठेवला आहे. त्याचा आशय असा: अनुकरण म्हणायचं तर मूळ पाहिलेलं हवं. रामाला कुणी पाहिलाय? मग नट रामाचं अनुकरण करतो हे ठरवणार कोण?

हा आक्षेप घेऊन आपण कर्जतला जाऊ. १९२८च्या सुमारास घाटासाठी विजेची इंजिनं आली. स्वित्झर्लंडच्या विंटरथूरचा कारखाना आणि इंग्लंडची व्हल्कन फाउंड्री यांनी ती बांधली, एकूण ४१. मधे उंच खोली, दोन्ही बाजूंना लांब बुटकी नाकं, चाकांना जोडणारे दांडे, आणि वळणावर अंग मोडत जायची रीत. पुढं डब्ल्यूसीजी-१ हे त्यांचं सरकारी नाव झालं, पण रेल्वेच्या माणसांनी नाव ठेवलं खेकडा. उभं असताना ते कण्हल्यासारखा आवाज करायचं, चालताना दांड्यांचा सळसळाट व्हायचा. कर्जत-लोणावळा आणि कसारा-इगतपुरी या दोन्ही घाटांत ही इंजिनं राबली, आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गेली.

आता समजा, खेकड्याचं मॉडेल हवं आहे. सोपा मार्ग काय? स्विस 'क्रोकोडाइल' इंजिनाची मॉडेलं बाजारात पूर्वीपासून आहेत. तोंडवळा एका कुळातला. त्याला आपल्याकडचा रंग द्यायचा, नंबर घालायचा, झालं. दिसायला देखणं होतं, चालतंही झकास. पण चाकं मोजा. त्या स्विस इंजिनाला दोन्ही टोकांना एकेक लहान, भार वाहणारी चाकांची जोडी आहे. आपल्या खेकड्याला ती नाही, त्याची सगळी बारा चाकं ओढणारी. हा फरक बारकाव्यातला नाही. घाटात सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर पडलं तर पकड वाढते. त्या चाकांच्या मांडणीत बोरघाटाचा चढ लिहिलेला आहे. ती बदलली की घाट गेला.

इथं आम्ही सूट आणि खोटी साक्ष यांत भेद करतो. रूळ २४ सेंटिमीटरनं अरुंद आहेत, ही सूट. सगळ्यांना माहीत असलेली, नाइलाजाची, जाहीर. दुसऱ्या देशाचं इंजिन आपलं म्हणून उभं करणं ही खोटी साक्ष. न्यायदर्शनात चौथं प्रमाण शब्द, म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त कोण? ज्यानं वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. वात्स्यायन तर सांगतो, की हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेंच्छ सगळ्यांना सारखंच लागू. मूळ वस्तू समोर आहे तोवर मॉडेल हे उपमान असतं, जाऊन ताडून बघता येतं. मूळ वस्तू गेली की मॉडेलचं पद बदलतं. ते शब्दप्रमाणाच्या जागी येऊन बसतं. आज दहा वर्षांचं पोर खेकडा ओळखेल ते बहुधा मॉडेलवरून नाहीतर एखाद्या जपून ठेवलेल्या इंजिनावरून. म्हणून चांगलं मॉडेल म्हणजे आप्त मॉडेल, ही आमची कसोटी.

माथेरानचं उदाहरण याला पूरक आहे. तिथली वाफेची इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलची. तीव्र वळणावर कडेचे आस थोडे फिरावेत, तरी दांड्यांनी जोडलेले राहावेत, अशी त्यांची खास रचना. दोन फुटी गेज १:८७मध्ये सात मिलिमीटर होतं, तयार रूळ मिळतात नऊचे. म्हणजे इथं उलटी सूट: ब्रॉडगेज अरुंद झालं, हे रुंद होतं. पण वळणं पाहा. मूळ मार्गावर वीस मीटरच्या आसपास त्रिज्येची वळणं आहेत. ८७नं भागलं तर २३ सेंटिमीटर. घरातल्या टेबलावर मावणारं! मोठ्या गाड्या ज्या वळणापाशी सगळ्यात जास्त खोट्या ठरतात, तिथंच माथेरानची गाडी खरी राहते. रायगडच्या माणसानं पहिलं मॉडेल कुठलं करावं, याचं उत्तर आम्ही यातून देऊ.

आता प्रत्यक्ष पारख. पहिली गोष्ट, मॉडेल वरून बघू नये. आपण खरी गाडी कधी गच्चीवरून पाहत नाही. डोळा फलाटाच्या उंचीला आणावा. दुसरी, चेहरा. आपल्याकडं पेणला गणपती घ्यायला गेलेला माणूस दागिन्यांचे मणी मोजत नाही, डोळ्यांची आखणी बघतो. आखणी चुकली तर बाकी सगळं फुकट. इंजिनाची आखणी म्हणजे समोरच्या काचा, दिवे आणि त्यांच्यामधलं अंतर. रिव्हेट मोजणारे हौशी असतात, त्यांचं काम चालू द्यावं, पण रिव्हेट बरोबर आणि चेहरा चूक असं मॉडेल पुष्कळदा निघतं. तिसरी, चाल. ताशी ६० किलोमीटरची गाडी १:८७मध्ये सेकंदाला १९ सेंटिमीटर जाते. आपण हौसेनं सेकंदाला मीटरभर पळवतो, म्हणजे ताशी ३१३ किलोमीटर! घाटातलं इंजिन असं पळवलं तर ते घाटातलं राहत नाही. उत्तम मॉडेल मुंगीच्या पावलानं, न अडखळता निघतं आणि तसंच थांबतं. आमच्या मते हीच सगळ्यात कठीण परीक्षा.

चौथी आपल्या किनाऱ्याची. खारी हवा कुणाची गय करत नाही. लोखंडी रूळ इथं एका पावसाळ्यात गंजतात. पितळेवर धरलेला थर वीज अडवतो. निकेल-सिल्व्हरचे रूळ घ्यावेत, थोडे महाग पडतात पण पुसून चालतात. जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम असेल आणि त्यात शिशाची भेसळ राहिली असेल, तर दमट हवेत ते काही वर्षांनी तडकतं, भुगा होतो. खाली प्लायवूड असेल तर कडा रंगवून बंद कराव्यात. साक्षीदार टिकला पाहिजे ना!

यावर एक आक्षेप येईल. पुण्यात कोथरूडजवळ भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ साली ते खुलं झालं. तिथलं शहर पुण्याचं नाही, कर्जतचं नाही. सर्कस आहे, रात्रीचे दिवे आहेत, एकाच वेळी अनेक गाड्या धावतात. मग ते आप्त नाही का? आहे. कारण त्याची साक्ष वेगळ्या गोष्टीची आहे. सिग्नल पडल्यावर गाडी थांबते, सांधा बदलल्यावर वाट बदलते, एकीला वाट देण्यासाठी दुसरी खोळंबते. रेल्वे ही इंजिनाहून मोठी व्यवस्था आहे, ही ती साक्ष, आणि ती तिथं चोख आहे. मॉडेलनं ज्याचा दावा केला त्याच्यावर त्याला तपासावं. न केलेल्या दाव्यावर नापास करू नये. आमची उणीव सांगायची तर एवढीच, की एका ठरावीक गावाचा, ठरावीक सालचा दावा करणारी अशी मोठी मांडणी आपल्याकडं हवी. नेरळ स्टेशन घ्या, मोठी आणि छोटी गाडी शेजारी उभी असलेलं.

प्रश्न विचारल्यानं माया आटत नाही, असं आम्ही सुरुवातीला म्हटलं. चाकं मोजल्यामुळं आपल्याला घाटाचा चढ दिसला. न मोजता ते इंजिन नुसतं देखणं राहिलं असतं. पारख हा आनंदावरचा कर नव्हे, पारखेमुळं आनंदाला विषय मिळतो.

शेवटी एक विनंती. कर्जत, नेरळ, रोहा इथं घरोघरी रेल्वेतून निवृत्त झालेली माणसं आहेत. खेकडा चालवलेला, त्याला तेल घातलेला, त्याच्यासाठी सांधा बदललेला माणूस आज साठीच्या पुढं आहे. भट्ट तौताच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकणारी ही शेवटची पिढी. नवं मॉडेल आणलंत की त्याचा फोटो काढण्याआधी ते या मंडळींपुढं ठेवा. 'आजोबा, हे असंच होतं का?' एवढंच विचारा. ते नाक मुरडतील, एखादा दांडा चुकलाय म्हणतील, आवाज असा नव्हता म्हणून तोंडानं काढून दाखवतील. ते लिहून घ्या, जमलं तर आवाजही टिपून ठेवा. कारखान्याच्या आराखड्यात तो सापडणार नाही.

आमचं बोलणं इथं थांबवतो. आता प्रश्न घेऊ, आणि सभागृहात रेल्वेतलं कुणी असेल तर पहिला हक्क त्यांचा.