'नंबर' : एका उसन्या शब्दाचा व्यवहार

परभाषेतून आलेल्या शब्दाचा विचार मराठीत बहुधा गरजेच्या अंगाने होतो. प्रतिशब्द उपलब्ध असताना हा शब्द का घ्यावा, असे विचारले जाते. भाषा बदलली तरी शब्दाचा अर्थ तोच राहतो, हे या प्रश्नात गृहीत धरलेले असते. बारामती व इंदापूर तालुक्यांतील 'नंबर' या शब्दाचा व्यवहार या गृहीतकाला छेद देतो.

इंग्रजीत हा शब्द प्रामुख्याने 'किती' या प्रश्नाशी निगडित आहे. मराठीत ते काम 'संख्या' आणि 'आकडा' यांच्याकडेच राहिले. 'नंबर'ला जागा मिळाली ती 'कोणता' आणि 'कितवा' या प्रश्नांपाशी. याची एक ऐतिहासिक खूण इंदापुरात सापडते. प्रिंगलची जमीनमोजणी फसल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी सुधारित मोजणी १८३५-३६ च्या सुमारास याच तालुक्यातून सुरू केली. घराण्यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या थळांची जागा सर्व्हे नंबरांनी घेतली. बोलीत 'सर्व्हे' गळाला आणि 'नंबर' हे शेताचेच नाव झाले. १९४७ च्या कायद्यान्वये झालेल्या जमीन एकत्रीकरणात 'गट नंबर' आले, तरी 'जुना नंबर' हा शब्दप्रयोग उरलाच. 'सातबारा'त तर सात आणि बारा हे आकडे आता कोणाला ऐकूही येत नाहीत.

दुसरा अर्थ उसाबरोबर विस्तारला. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे कारखाने उभे राहिले. कालव्याच्या पाण्याला 'पाळी' असते, उसाच्या तोडीला मात्र 'नंबर'. हा फरक केवळ सवयीचा नव्हे. पाळी फिरून येते. नंबर यादीतला असतो, आणि यादी दुसऱ्याच्या हाती असते. गाड्यांना क्रम देणारा 'नंबरटेकर' हा कारखान्याचा नोकर याच व्यवस्थेचा भाग होय. येथे क्रियापदांकडे लक्ष द्यावे लागते. नंबर 'लावतो' तो शेतकरी. परंतु नंबर 'लागतो' तेव्हा त्या वाक्यात कर्तृत्व त्याच्याकडे उरत नाही. 'लावणे' आणि 'लागणे' यांच्यामधल्या काळात शेतात उभ्या असलेल्या पक्व उसाचे वजन आणि उतारा घटत जातो. सत्तासंबंधाचे एवढे नेमके व्याकरण 'संख्या' या शब्दाजवळ नाही.

सावरकरांच्या भाषाशुद्धीने रुळवलेल्या शब्दांत गणला जाणारा 'क्रमांक' येथे कसोटीस लावून पाहता येतो. 'गट क्रमांक', 'पहिला क्रमांक' हे प्रयोग सहज चालतात. मात्र तोडीसाठी कोणी 'क्रमांक लावत' नाही, चष्म्याला क्रमांक येत नाही, काळा पैसा 'दोन क्रमांकाचा' होत नाही. 'क्रमांक' क्रम सांगतो. 'नंबर' त्या क्रमातला हक्क आणि त्यासाठीची प्रतीक्षाही सांगतो.

ग्रामीण कथात्म साहित्याच्या समीक्षेने म्हणूनच अशा शब्दांकडे बोलीतील इंग्रजी मिश्रण म्हणून पाहणे अपुरे ठरते. 'नंबर लागला' हे वाक्य इंग्रजीत नेताना अनुवादकाला तो मूळ इंग्रजी शब्दच बाजूला ठेवावा लागतो. मूळ भाषेत तसाच परत नेता न येणारा शब्द उसना मानायचा असेल, तर उसनवारीची कल्पनाच आधी तपासावी लागेल.