तीन खुर्च्या आणि एक फोन

शेरी टर्कल या विदुषींना यंत्रांचा तिटकारा आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. अमेरिकेतील एम.आय.टी. या विख्यात संस्थेत अध्यापन करीत असता, १९९५ साली 'लाइफ ऑन द स्क्रीन' या ग्रंथात त्यांनी संगणकाच्या पडद्यावरील नव्या जीवनाकडे बऱ्याच आशेने पाहिले होते. २०११ च्या 'अलोन टुगेदर'मध्ये तो सूर पालटला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'रिक्लेमिंग कॉन्व्हर्सेशन'मध्ये तर त्या फिर्यादी होऊनच उभ्या राहतात. खिशातील फोनने समोरासमोरचे संभाषण पोखरले, ही त्यांची फिर्याद.

ग्रंथाची मांडणी थोरोच्या 'वॉल्डन'मधील (१८५४) झोपडीतल्या तीन खुर्च्यांवर बेतलेली आहे. पहिली एकांताची, दुसरी मैत्रीची, तिसरी समाजाची. हा क्रम लेखिकेने गंभीरपणे घेतला आहे. ज्याला स्वतःपाशी स्वस्थ बसवत नाही, त्याला दुसऱ्याचे ऐकणेही जमत नाही, हे त्यांचे प्रतिपादन आम्हांस पटते.

परंतु ग्रंथाचे खरे बळ सिद्धांतात नसून लेखिकेने कान देऊन टिपलेल्या तपशिलांत आहे. महाविद्यालयीन मुले एकत्र जेवायला बसतात. निदान तिघांच्या माना वर आहेत एवढे पाहायचे आणि मग आपली मान फोनमध्ये घालायची, असा त्यांचा अलिखित नियम. त्यामुळे बोलणे बंद पडत नाही. पण कोणी मनातले काही काढीतही नाही. मध्येच सोडता येईल आणि मध्येच धरता येईल, एवढाच विषय मेजावर टिकतो. एकाच वेळी अनेक व्यवधाने सांभाळण्याच्या ज्या कौशल्याचे हल्ली कौतुक होते, त्याची ही किंमत. आणि ती एकट्याला मोजावी लागत नाही. २०१३ साली कॅनडात झालेल्या एका प्रयोगात, वर्गात संगणकावर इतर उद्योग करणाऱ्याचेच नव्हे, तर त्याचा पडदा ज्यांना दिसत होता त्यांचेही गुण घटले.

कुटुंबाविषयीच्या प्रकरणात आरोपीच बदलतो. तक्रार मुले करतात आणि ती आईवडिलांविरुद्ध! आम्ही पिढी बिघडल्याचा सूर लावतो, तेव्हा जेवताना फोन प्रथम कोणी जवळ ठेवला, हे सोयीस्करपणे विसरतो.

दोन आक्षेप मात्र नोंदवलेच पाहिजेत. अमेरिकन विद्यार्थ्यांची सहानुभूती सुमारे ४० टक्क्यांनी घटली, या २०१० मधील निष्कर्षावर लेखिकेने फार भार टाकला आहे. त्याच संशोधक सारा कॉनराथ यांनी पुढे २०१८ पर्यंतची माहिती तपासली, तेव्हा २००८ नंतर सहानुभूती पुन्हा वाढलेली आढळली. म्हणजे नेमक्या स्मार्टफोनच्याच काळात! तो आकडा आता पुराव्यातून काढून टाकलेला बरा. त्याने फिर्याद कोसळत नाही. मुलांच्या साक्षी शिल्लक राहतात.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा. जवळच्याला दूर लोटणारा फोन आणि दूरच्याला जवळ आणणारा फोन यांतील भेद ग्रंथात पुसट झाला आहे. ज्या घरचा मुलगा आखातात किंवा जहाजावर आहे, त्या घरी फोन हीच दुसरी खुर्ची असते. अर्थात तिथेही लेखिकेचे मर्म लागू पडतेच. बोलता बोलता मुलगा दुसरेच काही चाळू लागला, तर आईला ते त्याच्या 'हूं'वरून कळते.

ग्रंथ पाल्हाळिक आहे, मुलाखतींत पुनरुक्ती आहे. कुटुंबावरील प्रकरण तरी पालकांनी वाचावे. मुलांना त्यातले काही ऐकवण्याआधी वाचावे.