कारभारी की धनी? – आंद्रे मालरो यांच्या सांस्कृतिक धोरणाविषयी

राज्यकर्त्याने संस्कृतीच्या प्रांगणात कितपत पाऊल टाकावे, हा प्रश्न जुनाच आहे. राजाश्रयाने कला बहरते असे मानणारे जसे आहेत, तसेच राजाश्रयाने ती मिंधी होते असे बजावणारेही आहेत. हा वाद निव्वळ तत्त्वचर्चेने सुटणारा नाही. त्यासाठी एखादी प्रत्यक्ष कारकीर्द तपासावी लागते. फ्रान्सचे पहिले सांस्कृतिक व्यवहार मंत्री आंद्रे मालरो (१९०१–१९७६) यांची कारकीर्द त्या दृष्टीने आम्हांस उद्बोधक वाटते. १९५९ ते १९६९ अशी दहा वर्षे ते या पदावर होते. मालरो स्वतः श्रद्धावंत नव्हते. तरीही आपल्या सर्वांत महत्त्वाच्या योजनेला त्यांनी उपमा दिली ती कॅथिड्रलची. ती उपमा कितपत टिकते, हे पाहण्याचा अधिकार श्रद्धावंत वाचकांना निश्चित आहे.

मालरो मुळात कादंबरीकार. १९३३ साली त्यांच्या कादंबरीला गोंकूर पारितोषिक मिळाले. स्पेनचे यादवी युद्ध आणि नाझींविरुद्धचा फ्रेंच प्रतिकार या दोन्हींत ते उतरले. जनरल द गॉल यांनी १९५८ साली त्यांना भारतात पाठविले, तेव्हा त्यांनी पंडित नेहरूंची भेट घेतली. मात्र या चरित्रात एक काळा डागही आहे. १९२३ साली कंबोडियातील बांतेय स्रेई मंदिरातील शिल्पे काढून नेल्याबद्दल त्यांना अटक झाली आणि पुढे न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. वारसा जपण्याचा कायदा ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्याच माणसाने तारुण्यात दुसऱ्यांचा वारसा उचलला होता. सुंदर वस्तूवरील प्रेम आणि तिच्यावरील हक्क यांतील सीमारेषा किती पुसट असते, याचे हे उदाहरण आहे. आमच्या मते त्यांच्या पुढील धोरणाचे यश आणि अपयश, दोन्ही या सीमारेषेवरच घडले.

प्रथम यशाकडे पाहू. मानवजातीच्या, आणि विशेषतः फ्रान्सच्या, श्रेष्ठ कलाकृती अधिकाधिक नागरिकांपर्यंत पोहोचविणे हे मंत्रालयाचे कर्तव्य १९५९ च्या आदेशात नमूद झाले. ४ ऑगस्ट १९६२ चा कायदा तर ‘मालरो कायदा’ म्हणूनच प्रसिद्ध आहे. तोपर्यंत मुख्यतः एकेकट्या वास्तूंना संरक्षण मिळे आणि भोवतालच्या जुन्या वस्त्या आरोग्यास अपायकारक ठरवून पाडल्या जात. या कायद्याने संपूर्ण वस्तीच वारसा म्हणून जपण्याची सोय झाली. पॅरिसचा मारे हा जुना विभाग आज उभा आहे, त्याचे बरेचसे श्रेय या कायद्याला आहे. १९६४ साली देशातील कलावस्तूंची सर्वंकष नोंद घेण्याचे काम सुरू झाले. ‘चमच्यापासून कॅथिड्रलपर्यंत’ असे त्या कामाच्या व्याप्तीचे वर्णन केले जाई. खेड्यातील चर्चमधला साधा पुतळा किंवा मिस्साविधीचा जुना चषक यांचीही राष्ट्राने दखल घ्यावी, हा विचार थोर होता. आणि हे सारे, सरकारी अंदाजपत्रकाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी रकमेत!

मात्र वास्तू वाचली म्हणजे वस्ती वाचली असे होत नाही. मारे विभागातील घरे दुरुस्त झाली, पण त्याबरोबर त्यांचे मोलही वाढले आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारे गरीब भाडेकरू व कारागीर हळूहळू बाहेर फेकले गेले. भिंती राहिल्या, माणसे गेली. कायद्याचे रक्षण दगडाला मिळाले. त्या दगडांमधील जीवन जपण्याची तरतूद मात्र तोकडी पडली.

हीच उणीव ‘संस्कृतीगृहां’च्या योजनेत अधिक ठळकपणे दिसते. प्रत्येक जिल्ह्यात नाटक, चित्रपट, संगीत व चित्रकला यांसाठी एक गृह उभारावे, ही मालरो यांची महत्त्वाकांक्षा होती. मध्ययुगात कॅथिड्रलने जे केले ते या युगात संस्कृतीगृह करील, असा त्यांचा विश्वास होता. ल हाव्र, बूर्ज, आमियँ, ग्रनोब्ल अशा मोजक्या शहरांत ही गृहे उभी राहिली. प्रत्येक जिल्ह्याला एक हे स्वप्न स्वप्नच राहिले. श्रेष्ठ कलाकृती समोर आली की माणसाला तिचा साक्षात्कार होतो, शिकवणीची वा तयारीची गरज नसते, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे हौशी कलावंत आणि लोकशिक्षणाचे कार्य करणाऱ्या संस्था या मंत्रालयाच्या कक्षेबाहेर राहिल्या. मे १९६८ मध्ये विलरबान येथे जमलेल्या नाट्यगृहांच्या व संस्कृतीगृहांच्या संचालकांनीच कबूल केले, की फार मोठा समाज या दारांपर्यंत पोहोचलेलाच नाही.

येथे कॅथिड्रलची उपमा कोसळते, असे आम्हांस वाटते. कॅथिड्रल हे काही प्रेक्षकगृह नव्हे. तेथे येणारा माणूस काही पाहावयास येत नव्हता. तो गात होता, गुडघे टेकीत होता, मुलाचा बाप्तिस्मा करीत होता, आपल्या मृतांना निरोप देत होता. शार्त्रच्या कॅथिड्रलमधील काचचित्रांत भाकरी भाजणारे व चामड्याचे काम करणारे यांनाही स्थान मिळाले आहे. मालरो यांनी कॅथिड्रलची भव्यता घेतली. तेथील सहभाग त्यांच्या हाती लागला नाही.

तथापि एका प्रसंगी या मंत्र्याची उंची दिसून आली. १९६६ साली सरकारी अनुदानावर चालणाऱ्या ओदेऑं नाट्यगृहात झाँ जने यांचे अल्जीरियाच्या युद्धावरील नाटक सादर झाले. ते फ्रेंच सैन्याचा अपमान करणारे आहे, असा गदारोळ उठला आणि त्या नाट्यगृहाचे अनुदान कापण्याची मागणी संसदेत झाली. मालरो यांनी अनुदानाचा ठाम बचाव केला. स्वातंत्र्याचे हात नेहमीच स्वच्छ नसतात, पण म्हणून त्याला खिडकीबाहेर फेकण्यापूर्वी दोनदा विचार करावा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

त्याच वर्षी दिदरो यांच्या कादंबरीवर झाक रिव्हेत यांनी काढलेल्या, इच्छेविरुद्ध मठात टाकलेल्या तरुणीच्या चित्रपटावर बंदी आली. धर्मभगिनींच्या संघटनांनी व अनेक कॅथलिक पालकांनी त्याविरुद्ध आवाज उठविला होता. बंदीचा हुकूम मालरो यांचा नव्हे, माहिती खात्याचा होता. कान महोत्सवात तो चित्रपट दाखविण्यास मात्र मालरो यांनी आडकाठी केली नाही. १९६७ साली तो प्रदर्शित झाला आणि बंदीने झालेल्या बोभाट्यामुळे प्रेक्षकांनी गर्दी केली. धर्मभगिनींचे दुःख खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सक्तीचे समर्पण हे समर्पणच नव्हे, ही तर चर्चचीही शिकवण आहे. ती निर्भयपणे सांगण्याची संधी बंदीच्या मागणीने घालविली. दुखावलेल्या समाजाने शासनाच्या दंडुक्याकडे धाव घेतली की त्याचे स्वतःचे उत्तर ऐकू येत नाही.

या पदाची कसोटी आजही संपलेली नाही. फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्यानुसार जुनी कॅथिड्रले बहुतांशी राज्याच्या मालकीची आहेत. उपासनेचा हक्क चर्चचा. १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर पॅरिसचे नोत्र दाम डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. त्याआधी ऑक्टोबरमध्ये तत्कालीन संस्कृती मंत्री रशिदा दाती यांनी तेथे येणाऱ्या पर्यटकांकडून पाच युरो घ्यावेत आणि त्यातून देशातील मोडकळीस आलेली चर्च सावरावीत, अशी सूचना केली. हेतू चांगला होता. पण पॅरिसच्या चर्चने नम्रपणे नकार दिला: प्रार्थनामंदिराचे दार सर्वांना विनामूल्य उघडे असले पाहिजे. कोण भाविक आणि कोण पर्यटक, हे दारावर कोणी ठरवावे? पुष्कळदा माणूस पर्यटक म्हणून आत शिरतो आणि बाहेर पडताना वेगळाच झालेला असतो. हा भेद तिकिटाच्या खिडकीला कळणार नाही.

या विवेचनातून आमचा निष्कर्ष असा, की संस्कृतीचा अधिकारी हा शुभवर्तमानातील दाखल्यातल्या कारभाऱ्यासारखा असावा. सोपविलेले धन त्याने राखावे, वाढवावे, दार उघडे ठेवावे. स्वतःला धनी समजू नये. मालरो जेथे कारभारी राहिले तेथे थोर ठरले. जेथे संस्कृती वरून खाली वाटण्याची वस्तू मानली तेथे उणे पडले.

आणि उरलेले काम आपले आहे. वसईच्या किल्ल्यातील चर्चचे अवशेष पुरातत्त्व खाते सांभाळील. गावातील जुने क्रूस, लग्नातील गाणी, आजीच्या तोंडची बोली, धर्मग्रामाच्या रंगमंचावरील नाटक यांची नोंद घ्यायला कोणताही मंत्री येणार नाही, आणि आला तरी त्याला ती गाणी गाता येणार नाहीत. ती आपल्याच घरात गायली गेली पाहिजेत.