एलायझा ड्रेपरचें घराणें : एका चरित्राचें परीक्षण

आर्नोल्ड राइट व विल्यम लटली स्क्लेटर यांनीं सन १९२२ त प्रसिद्ध केलेलें एलायझा ड्रेपर हिचें चरित्र आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या संग्रहीं असेल. कादंबरीकार लॉरेन्स स्टर्न याची ही स्नेहीण मुंबईस आठवली जाते ती माझगांवच्या बेल्व्हेडिर बंगल्यामुळें. जानेवारी १७७३ त एके रात्रीं ती तेथून आरमारी अधिकारी सर जॉन क्लार्क याच्या साहाय्यानें निघून गेली. खिडकींतून दोरानें उतरल्याची कथा मागाहून बरीच रंगविली गेली. तिच्याशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. आमचा प्रश्न वंशावळीचा आहे.

वंशावळीचा सांगाडा भक्कम आहे. ता. ५ एप्रिल १७४४ रोजीं अंजेंगो येथील कंपनीच्या वखारींत जन्म. बाप मे स्क्लेटर. आई ज्यूडिथ, तेथीलच कामगार चार्लस व्हाइटहिल याची कन्या. ता. २८ जुलै १७५८ रोजीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, मुंबईस डॅनियल ड्रेपर याच्याशीं विवाह. नवरा सुमारें वीस वर्षांनीं वडील. बहीण मेरी ही पुढें मुंबईचा गव्हर्नर झालेल्या रॉसन हार्ट बोडम यास दिली होती. नांदगांवाकडील वतनी कागदांत वंशावळी पाहणारास हें वाचून हेवा वाटेल. आमच्याकडे लेक परघरीं गेली कीं तिचें नांव वंशावळींतून बहुधा नाहींसें होतें.

परंतु हा प्रकाश एकाच दिव्याचा आहे. ग्रंथाचा आधार म्हणजे एलायझाचीं सन १७५७ ते १७७४ मधील पत्रें. त्यांतील महत्त्वाचीं पत्रें चुलतभाऊ थॉमस मॅथ्यू स्क्लेटर यास लिहिलेलीं, त्याच घराण्यांत जतन झालेलीं, आणि दोघां ग्रंथकारांपैकीं एक त्याच कुळांतला. पितृकुलाचें दप्तर पितृकुलानेंच उघडलें. बाप लवकर वारला. मुलींचा आधार राहिला तो आजोळचा. नवऱ्याचें घर सोडल्यावर ही बाई गेली ती मच्छलीपट्टणच्या बाजूस, मामाकडे. निघण्यापूर्वीं नवऱ्यास तिनें पत्र लिहून ठेविलें होतें व त्यांत त्याच्या वर्तनाचा दोष स्पष्ट मांडला होता. "पळून गेली" हा शब्द दंतकथेचा. कागद पाहतां ती आजोळीं आश्रयास गेली, असें आम्ही म्हणूं. ज्या व्हाइटहिल घराण्यानें तिला दोनदां सांभाळलें, तें या पत्रांत स्क्लेटरास कळविलेल्या मजकुरापुरतेंच दिसतें. ग्रंथावर आमचा मुख्य आक्षेप हाच.

आबे रेनाल यानें अंजेंगोची केलेली स्तुति वंशावळीच्या कामीं निरुपयोगी आहे. स्टर्नच्या १७६७ च्या रोजनिशीची गोष्ट निराळी. मेणबत्त्या पेटविण्यासाठीं कापावयाच्या रद्दींतून ती बाथ येथें गिब्स नांवाच्या मुलाच्या हातीं लागली व १८९४ त ब्रिटिश म्यूझियमांत दाखल झाली. संग्राहकांनीं रद्दी चाळीत जावी ती याचसाठीं! पण तिच्यांतूनही घराण्याविषयीं फारसें निघत नाहीं. त्या वेळीं स्टर्न स्वतःच्या दुखण्यांत व विरहांत गढलेला होता.

शेवटीं ब्रिस्टल कॅथीड्रलमधील तिचें स्मारक. त्यावर ता. ३ ऑगस्ट १७७८, वय ३५, असें कोरलेलें आहे. जन्म १७४४ चा धरल्यास वयाचीं ३४ वर्षेंच पुरीं होतात. एवढ्यावरून जन्मसाल एक वर्ष मागें नेण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे पत्रिकेंत चालू वर्ष मोजतात तसें शिळेवर मोजलें गेलें असावें. आम्ही १७४४ च कायम धरतों.