बुरशीचा धडा आणि पावसाळ्यातला पाव

बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत कवके निरनिराळ्या ठिकाणी भेटतात. आठवीच्या पुस्तकात (२०१८) व्हिटाकर यांच्या १९६९ च्या पंचसृष्टी वर्गीकरणानुसार त्यांना वनस्पतींपासून वेगळी सृष्टी दिली आहे, हे योग्यच झाले. नववीत किण्व व पेनिसिलिअम उपयोगांपुरते येतात, तर दहावीत म्युकर अलैंगिक प्रजननाचे उदाहरण म्हणून येतो. परंतु ही सारी माहिती एकाच तऱ्हेच्या सजीवांची आहे, हे विद्यार्थ्याला जाणवत नाही.

या तुटकपणाचा परिणाम घरी दिसतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात पावसाळ्यात पाव दोन-तीन दिवसांतच बुरसतो. हिरवा-काळा भाग खरवडून उरलेला पाव खाल्ला जातो. कवकांची पेशीभित्तिका कायटिनची असते, हे उत्तर अचूक लिहिणारा विद्यार्थीही तेच करतो. कारण डाग म्हणजेच बुरशी, ही त्याची समजूत धड्याने दूर केलेली नसते.

वस्तुतः तो रंग मुख्यतः बीजाणूंचा असतो. त्याआधीच रंगहीन कवकतंतू पावाच्या आत शिरलेले असतात. हे तंतू विकरे बाहेर सोडतात, पिष्टमय पदार्थांचे पचन शरीराबाहेरच करतात आणि विरघळलेले अन्न शोषून घेतात. टोकाशी वाढत ते नव्या अन्नापर्यंत पोचतात. मग काही तंतू हवेत उभे राहतात व त्यांच्या टोकांवर बीजाणू तयार होतात. म्युकरमध्ये ते बीजाणुधानीत असतात. त्याचे दोन अनुरूप तंतू एकत्र आले, तर लैंगिक प्रजननाने जाड कवचाचा युग्मबीजाणूही बनतो.

रचना, पोषण व प्रजनन अशी सलग मांडली, की नुसते खरवडणे का पुरेसे नाही हे विद्यार्थी स्वतःच सांगेल. प्रश्न आरोग्याचा आहे. काही बुरशी विषे तयार करतात. शेंगदाण्यावर वाढणाऱ्या अॅस्परजिलस फ्लेव्हसचे अफ्लाटॉक्सिन भाजल्यानेही पूर्णपणे नष्ट होत नाही.

राज्यभराच्या पुस्तकात प्रत्येक गावचे उदाहरण येणे शक्य नाही. ती जबाबदारी शिक्षकांची. उल्हासनगरचा पापड कोरडा असेपर्यंत का टिकतो आणि सादळला की का बिघडतो, हे वर्गात विचारावे. पावाचा एक ओलसर व एक कडक वाळवलेला तुकडा वेगवेगळ्या पारदर्शक पिशव्यांत बंद करून आठवडाभर रोज निरीक्षणे नोंदवावीत. मात्र पिशव्या उघडू नयेत, बीजाणू श्वासावाटे आत जातात. निरीक्षणे संपल्यावर त्या तशाच बंद टाकून द्याव्यात.