बारमाही मंडई : पिला हाऊस आणि ‘गोलपिठा’

मुंबईचा ग्रँट रोड मराठी वाङ्मयेतिहासात दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा अनोळखी असल्यासारखा. नाट्येतिहासात तो येतो १८४६ मध्ये नाना शंकरशेट यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या ग्रँट रोड थिएटरमुळे. १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांच्या सांगलीकर मंडळीने तिथे खेळ केले. काव्यसमीक्षेत तो येतो नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’मुळे (१९७२). पहिला उल्लेख गौरवाचा, दुसरा ‘अधोविश्वा’चा. परिसर मात्र एकच. पारशी नाटकं, तमाशे, पुढे सिनेमा असा करमणुकीचा बाजार इथे वाढला आणि लोकांच्या तोंडी ‘प्लेहाऊस’चं ‘पिला हाऊस’ झालं.

ही फारकत मला खटकते, त्याला माझं गाव कारण आहे. तुमसर तालुक्यातल्या आमच्या बपेऱ्याच्या भागात दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं, पाहुणे, सोयरिकीच्या गोष्टी. रात्री दंडार नाहीतर खडी गंमत. बाजार कुठे संपला आणि खेळ कुठे सुरू झाला, हे कुणी विचारत नाही. पिला हाऊसकडे मी त्या नजरेने पाहतो : ती कधीच न उठणारी, बारमाही मंडई होती.

‘गोलपिठा’ असा वाचला, तर त्यातली भाषा वेगळी ऐकू येते. विजय तेंडुलकरांनी प्रस्तावनेत आपल्याला अनेक शब्दांचे अर्थ ढसाळांना विचारावे लागल्याचं प्रांजळपणे नोंदवलं आहे. पुढच्या समीक्षेने मात्र त्या शब्दांना बहुधा शिव्या, फार तर विद्रोहाची हत्यारं मानलं. माझ्या मते त्यांतले कितीतरी शब्द धंद्याचे आहेत. ज्या बाजारात माणसं राबतात, भाव ठरतो, दलाली कापली जाते, त्या बाजाराची ती रोजची बोली आहे. पांढरपेशा वाचकाला ती कळली नाही, कारण तो तिथे गिऱ्हाईक किंवा प्रेक्षक म्हणूनच गेला होता.

अर्थात मंडईची उपमा एका जागी तुटते. आमच्याकडे दंडारीतला नाच्या सकाळी तोंडाचा रंग पुसून धानाच्या बांधीत उतरतो. त्याला घर असतं. पिला हाऊसच्या भोवती ज्या बाया विकल्या गेल्या, त्यांना परतीची वाट नव्हती. तिथे खेळाबरोबर माणूसही विकाऊ होता. ढसाळ ही गोष्ट क्षणभरही विसरू देत नाहीत, म्हणून त्यांच्या कवितेला ‘रंगीत मुंबई’चं चित्र म्हणता येत नाही.

तरीही माझं म्हणणं उरतंच. थिएटर आपलं आणि त्याच्या भोवतीची वस्ती परकी, अशी वाटणी करून लिहिलेला रंगभूमीचा इतिहास अर्धाच असतो. त्याची उरलेली पानं ‘गोलपिठा’त आहेत. आपण ती कवितेच्या कपाटात ठेवली, एवढंच.